नाथमाधवांचा कारखाना

सन १९०५. मुंबईचा तेवीस वर्षांचा एक तरुण शिकारीसाठी सिंहगडावर गेला आणि कड्यावरून कोसळला. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी, शिकारीचा नाद, म्हणजे हातापायांच्या बळावर जगणारा हा माणूस. नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. अपघातानंतर तीन वर्षांनी, १९०८ साली, त्याची ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली आणि तेथून २१ जून १९२८ रोजी मृत्यू येईपर्यंत तो लिहीतच राहिला. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांचे ‘माधव’ जोडून घेतलेले त्याचे टोपणनाव मात्र जुन्या वाचकांना आजही ओळखीचे आहे. नाथमाधव.

मराठी कादंबरीच्या इतिहासात नाथमाधवांची जागा ठरून गेलेली आहे. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरी उभी केली, नंतरच्यांनी ती रंजनाच्या वाटेला नेली, आणि त्या नंतरच्यांत पहिले नाव नाथमाधवांचे. एवढे म्हणून अभ्यासक पुढच्या पानावर जातात. याच लेखकाने गुप्त टोळ्यांच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्याही लिहिल्या, ही गोष्ट तर जणू त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच सांगितली जाते. माझे म्हणणे उलटे आहे. नाथमाधवांची रहस्ये आणि त्यांचा इतिहास एकाच कारखान्यात, एकाच हत्यारांनी घडलेले आहेत. एकाची पद्धत समजली नाही तर दुसऱ्याचे यश समजत नाही. आणि हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. आपल्या गावोगावच्या इतिहासाचे काय होते, हाही प्रश्न त्यात गुंतलेला आहे. त्याकडे येतोच.

मी कोनचा. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले की पहिले गाव आमचे. शिक्षण वाणिज्य शाखेचे, पोटापाण्याचा उद्योग गोदामांचे हिशेब सांभाळण्याचा. इतिहास कोणी शिकवला नाही, तो वाचनालयात बसून शिकलो. १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर असल्याचा हा फायदा. हिशेबाच्या सवयीमुळे कोणत्याही लेखकाकडे पाहताना मी आधी मालाची आवक पाहतो: काय, केव्हा, किती. समीक्षक हसतील, पण नाथमाधवांच्या बाबतीत ही सवय उपयोगी पडली.

‘प्रेमवेडा’नंतर लगेच, १९०९ साली, ‘सावळ्या तांडेल’. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य खलाशी, आणि खाडीकाठच्या माणसाला हे नाव वाचूनच पुस्तक हातात घ्यावेसे वाटते. १९१३ साली ‘वीरधवल’, अद्भुताच्या अंगाने जाणारी. १९१५ साली ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’. (हे ‘अथवा’ त्या काळाचे खास. एका नावाने कुतूहल चाळवायचे, दुसऱ्याने ते पुरवायचे. गिऱ्हाईक दोन्हींतल्या एकाला तरी भुलते.) मग ‘देशमुखवाडी’, तीन भागांची ‘डॉक्टर’ अशा सामाजिक कादंबऱ्या. आणि १९२१ साली ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’. तेथून शेवटपर्यंत मुख्य काम एकच: स्थापना, कारभार, घटना, संकट, परिवर्तन, दुफळी, अशी स्वराज्याची माळ. सात-आठ वर्षांत सात कादंबऱ्या, आणि शेवटची ‘स्वराज्यातील दुफळी’ त्यांच्या मृत्यूच्या वर्षातली.

या यादीत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. रहस्य आणि अद्भुत आधी, शिवकालाची मोठी माळ नंतर. म्हणजे शिवशाहीला हात घालण्यापूर्वी बारा-तेरा वर्षे हा लेखक वाचकाला खिळवून ठेवण्याचे काम शिकत होता.

हे काम तेव्हा काय होते, हे आज लक्षात येत नाही. खिळे जुळवून छपाई, सोळा पानांचा फर्मा, एक फर्मा छापून झाला की तेच खिळे सोडवून पुढच्याला. कादंबरी बऱ्याचदा भागांनी निघे. पहिला भाग घेणाऱ्याने दुसरा घ्यावा म्हणून पहिल्याच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवणे भाग असे. पहिल्या महायुद्धात कागद महागला आणि प्रकाशकाचा धीर आणखी आटला. वाचक तरी कोण? मुंबईतला कारकून, गिरणीतला शिकलेला जॉबर, तालुक्याच्या गावचा मास्तर, आणि घराघरांतल्या वाचायला शिकलेल्या बायका. पुस्तक विकत घेणारा एक, वाचणारे दहा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, ‘सावळ्या तांडेल’च्याच वर्षी. आपण आज ज्या प्रथेत हा लेख वाचत आहात, ती आणि नाथमाधवांची लेखणी एकाच हंगामात रुजली.

लेखणी हेच ज्याचे उत्पन्न आणि चार भिंती हेच ज्याचे क्षेत्र, त्या माणसाला पुढच्या भागाचा वाचक गमावणे परवडण्यासारखे नव्हते. हरिभाऊ आपटे पुण्यात आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत, ‘करमणूक’ पत्र चालवत आणि कादंबरी लिहीत. त्यांच्या मोठेपणाला मी काही कमी करत नाही. पण दोघांच्या लिहिण्यामागची घाई सारखी नव्हती, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्दा. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यापुढे एक अडचण असते, जी रहस्यकथा लिहिणाऱ्यापुढे नसते: शेवट सगळ्यांना माहीत असतो. स्वराज्य स्थापन होणार, अफझलखान मरणार, महाराज आग्र्याहून सुटणार. मग वाचकाने रात्री दिव्याखाली पाने का उलटावीत? गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी लेखकांनी याला शोधलेले उत्तर असे की, इतिहासातली थोर माणसे मागे उभी करायची आणि पुढे आणायची ती कल्पित माणसे, ज्यांचे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही. हा मार्ग इंग्रजीत वॉल्टर स्कॉटने घालून दिलेला. हरिभाऊंनी तो पेलला तो माणसांच्या स्वभावांच्या बळावर. नाथमाधवांनी तो पेलला गुपितांच्या बळावर. जन्माचे गूढ, वेषांतर, चुकीच्या हाती पडलेला खलिता, भुयार, खुणेचा शब्द, मेला म्हणून समजलेला माणूस जिवंत निघणे: ही सारी रहस्यकथेची हत्यारे. ती त्यांनी इतिहासाच्या कामाला लावली.

ही हत्यारे आली कोठून? रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचे नाव आज त्याच्या मायदेशातही फारसे कोणी घेत नाही, पण आपल्याकडे दोन पिढ्यांनी त्याचे फडशे पाडले. गो. ना. दातारांनी त्याच्या कादंबऱ्यांना इतका बेमालूम एतद्देशीय वेश चढवला की वाचकाला लंडनची धुळही दिसू नये. नाथमाधव त्याच हवेत वाढले. मात्र दातारांचे कथानक कोणत्याही राजाच्या कोणत्याही दरबारात घडू शकते, आणि नाथमाधवांना कालांतराने आपल्याच मुलखाचा, नावागावाचा इतिहास हवासा झाला. तेथे त्यांच्या कामाचा कस लागला.

कारण १९२१ ते १९२८ हा काळ शिवचरित्र कादंबरीत बसवायला फार वाईट होता, म्हणजे अभ्यासाला फार चांगला होता. राजवाड्यांच्या साधनांचे खंड १८९८पासून निघत होते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले होते. लोकमान्यांनी उजेडात आणलेली जेधे शकावली १९१६ साली छापली गेली आणि तिने शिवजन्माचे रूढ साल १६२७ हलवून १६३० पुढे ठेवले. परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून आले १९२७ साली आणि त्याने शकावलीच्याच पारड्यात वजन टाकले. म्हणजे ‘श्रीगणेशा’ ते ‘दुफळी’ या सबंध काळात लेखकाच्या पायाखालची जमीन सरकत होती. संशोधकाला याचा आनंद होतो. नव्या कागदाने जुना निष्कर्ष मोडला तर तो दुसरा निबंध लिहितो. कादंबरीकाराने कालच्या भागात ज्या माणसाला तरुण दाखवले, त्याला आजच्या भागात नवा जन्मशक लावता येत नाही.

आमच्याच दाराशी याचे उदाहरण आहे. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात कल्याण घेतले जाते ते १६४८ साली, आणि घेणारा आबाजी सोनदेव. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून, कीर्तनांतून, नाटकांतून पक्की झाली, आणि तिच्या शेपटीला सुभेदाराच्या सुनेची कथा. पुढच्या संशोधनाने कल्याण-भिवंडीचा ताबा १६५७च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत आणून ठेवला. कागदांतून नाव वेगळेच निघते. आणि सुनेच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही. सालात नऊ वर्षांचा फरक, माणसाच्या नावात फरक, आणि सर्वांत लोकप्रिय प्रसंग निराधार. तरी कल्याणात आज कोणालाही विचारा, तो आबाजी सोनदेवच सांगेल.

गंमत अशी की खरा कागद कथेपेक्षा काही कमी नाही. कल्याणचा ताबा आल्यावर महाराजांनी येथल्या खाडीत लढाऊ जहाजे बांधायला घेतली. त्या कामावर रुइ लेतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा होते. त्यांच्याबरोबर सुमारे ३४० माणसे होती. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या जहाजांची संख्या वीसच्या घरात येते आणि ती बांधण्याची ठिकाणे म्हणून कल्याण, भिवंडी आणि पनवेल यांची नावे येतात. जहाजे सिद्दीविरुद्ध आहेत असे सांगितले जात होते. पोर्तुगीजांना ते खरे वाटेना. शेवटी वसईच्या अधिकाऱ्याने आतून सूत्रे हलवली आणि ही सगळी माणसे काम टाकून निघून गेली. एका खाडीत अर्धवट सांगाडे उभे, आणि कारागीर नाहीसे! रहस्यकथेला याहून चांगले पहिले प्रकरण कोणते हवे? आरमार मात्र थांबले नाही. आपल्या माणसांनी काम उचलून पुढे नेले. ओहोटीच्या वेळी कोनच्या बाजूने दुर्गाडीकडे पाहिले तर हे सगळे कोणत्या चिखलात घडले असेल ते डोळ्यांपुढे येते. ‘सावळ्या तांडेल’ छापली गेली तेव्हा हा पत्रव्यवहार मराठी वाचकांपर्यंत पोचलेला नव्हता. तो असता तर नाथमाधवांनी त्याचे काय केले असते, या विचाराने मी अनेकदा हळहळलो आहे.

सिंहगडाचेही तसेच. तानाजीच्या मावळ्यांनी रात्री कडा चढून गड घेतला हे सभासदाच्या बखरीत आहे. यशवंती घोरपड मात्र तेथे नाही. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. आणि कोंढाण्याचे नाव तानाजीच्या मृत्यूनंतर सिंहगड झाले ही समजूत, तिला तर १६६३ सालचे महाराजांचेच पत्र आड येते, कारण त्यात सिंहगड हे नाव आहे, तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. हरिभाऊंची ‘गड आला पण सिंह गेला’ १९०३ साली आली आणि ती समजूत घरोघर पक्की झाली. पुढे दोनच वर्षांत नाथमाधव त्याच गडाच्या कड्यावरून पडले. गड चढणे त्यांच्यापुरते तेथेच संपले. यापुढे त्यांच्या पुस्तकांत येणारा प्रत्येक गड, प्रत्येक चोरवाट ही आठवणीतली किंवा कागदावरची. मी स्वतः गेली वीस वर्षे लोनाडची लेणी, चौधरपाड्याचा शिलाहार केशिदेवाचा शिलालेख, माहुलीच्या वाटा अशी पायपीट करत आलो आहे, आणि जागेवर गेल्याशिवाय लिहू नये असे तरुणांना सांगत असतो. नाथमाधवांपुढे हा उपदेश मला गिळावा लागतो. त्यांनी अंथरुणावरून लिहिलेल्या गडांनी जितकी माणसे गडांवर पाठवली, तितकी आम्हा पायपीट करणाऱ्यांच्या लेखांनी पाठवलेली नाहीत.

त्यांच्या मर्यादा मला दिसत नाहीत असे नाही. संवाद लांबतात. सज्जन फारच सज्जन आणि दुष्ट पहिल्या ओळीपासून दुष्ट. योगायोगांचा तर सुकाळ. इतिहासाची कलमे लेखक मध्येच थांबून सांगू लागतो तेव्हा कादंबरी अडते, आणि कादंबरी धावू लागते तेव्हा इतिहास मागे पडतो. ज्या भागांत दोन्ही जुळतात तेथे मात्र कारण जवळजवळ नेहमी एकच असते: गुपित राजकारणाचे असते, केवळ जन्माचे नसते. कोण कोणाला फितूर आहे, कोणता खलिता खरा, कोणाच्या शब्दावर गड सोडायचा, हे प्रश्न शिवकालात खरोखरीचे होते. हेरगिरी, वेषांतर, रात्रीची चाल या गोष्टी महाराजांच्या कारभारात होत्याच. तेथे रहस्यकथेची रीत इतिहासाला उपरी राहत नाही. बखरकारांनाही हे कळत होते. अफझलखानाच्या भेटीचे किंवा शाहिस्तेखानावरच्या छाप्याचे बखरीतले वर्णन वाचून पाहा, वाचकाला कोठे थांबवायचे याचे भान त्यांना पुरेपूर आहे.

पुढच्या पिढीत या कारखान्याच्या दोन शाखा झाल्या. वि. वा. हडपांनी कादंबरीमय पेशवाईचे भाग काढत इतिहासाची शाखा चालवली. रहस्याची शाखा गेली बाबूराव अर्णाळकरांकडे (जन्म १९०६), ज्यांचा चष्म्याचा धंदा होता आणि ज्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या नावाने वाचनालयांत रांगा लागत. एकाच लेखकाने दोन्ही दुकाने चालवायची, हे नाथमाधवांनंतर आपल्याकडे त्या ताकदीने झाले नाही. इतिहास प्रतिष्ठित झाला, रहस्य फुटपाथवर गेले, आणि मग मागे वळून आपण नाथमाधवांना विचारू लागलो की तुम्ही नेमके कोणत्या बाजूचे?

आम्हा वाचनालयात बसणाऱ्यांना याचे उत्तर पुस्तकांच्या अंगावर दिसते. मी हाताळलेल्या ‘स्वराज्या’च्या जुन्या प्रतींपैकी बहुतेकींची पुन्हा बांधणी झालेली होती, पाने कोपऱ्यांशी गोल झिजलेली, कसरीने खाल्लेली. एका प्रतीत समासात पेन्सिलीने तीन ठिकाणी ‘खरे का?’ असे लिहिलेले होते. तीन्ही जागा लढाईच्या नव्हत्या, गुपित उघडे पडण्याच्या होत्या. तो कोणी अनामिक वाचक बहुधा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. त्याला कथा आवडली होती, म्हणून तर तो तेथवर आला होता, आणि तरी त्याला खरे-खोटे कळायला हवे होते. संशोधकाचा जन्म अनेकदा असाच होतो. माझाही असाच झाला, कादंबरी वाचून, रियासत वाचून नव्हे.

गेल्या वर्षी गावच्या यात्रेनिमित्त कोनची एक लहानशी माहितीपुस्तिका काढायचे ठरले आणि मजकूर माझ्याकडे आला. आमच्याकडे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दुर्गाडीचा पाया खणताना सापडलेले द्रव्य. किल्ल्यापासून खाडीच्या पोटातून आमच्या बाजूला निघणारे भुयार. सुभेदाराची सून. भुयार तर प्रत्येक किल्ल्याला असतेच आणि ते नेहमी पाण्याखालूनच जाते. समितीतल्या तरुणांचे मत पडले की पुरावा नसलेले सगळे गाळावे. ज्येष्ठांचे मत, पूर्वजांनी सांगितले ते खोटे कसे? मी पुस्तिकेचे दोन भाग केले. पहिल्यात कागदाने सिद्ध होणारे: १६५७, आरमार, व्हिएगसची पळून गेलेली माणसे. दुसऱ्यात ‘सांगतात असे’, आणि त्यात भुयारापासून द्रव्यापर्यंत सर्व काही, कोणी कोणाकडून ऐकले त्यासह. सरमिसळ नाही, आणि वगळणेही नाही. ही वाटणी मला नाथमाधव वाचताना सुचली. त्यांच्या कादंबरीत जे एकजीव झालेले असते, ते वेगळे काढायचे, पण फेकायचे नाही.

छापायला देण्यापूर्वी गावातल्या एका आजोबांना कच्ची प्रत दाखवली. चष्मा चढवून त्यांनी आरमाराचे पान वाचले, मान डोलावली, पान उलटले. भुयाराचा मजकूर अर्ध्या पानाचा होता. तो त्यांनी दोनदा वाचला, पान मागून-पुढून पाहिले आणि म्हणाले, “अरे, एवढंच? आणि मग ते निघतं कुठं?”